पार्किन, पिंक आणि केळ्यांवरची चिलटं

प्रश्न थोडक्यात असा: ‘बाबांना ३८व्या वर्षी चालताना डाव्या पायाची बोटं आखडायला लागली. आज ते ५६ वर्षांचे आहेत. कंपवाताचं (पार्किन्सनचं) निदान व्हायलाच चार वर्षं गेली. आत्यालाही तेच आहे. आजी-आजोबा नात्यातले, आते-मामे भावंडं. गेल्या वर्षी बाबांची जनुक तपासणी केली, तेव्हा पार्किन नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींमधला एक तुकडा गळालेला निघाला. डॉक्टर म्हणाले, या जनुकाचं काम बरंचसं माशीमुळे कळलं. माशीचा आणि माणसाच्या आजाराचा संबंध काय? त्यातून बाबांना काही मिळेल का? आणि घरात माझं लग्न आत्याच्या मुलाशी करायचं बोलणं चालू आहे, त्याबद्दल काही सांगाल का?’

लग्नाचा प्रश्न मी शेवटी घेते, पण टाळणार नाही. मधलं सगळं नीट वाचलंत, तर ते उत्तर तुमचं तुम्हालाच काढता येईल.

फळमाशी म्हटलं की आपल्याकडे आंब्याच्या बागेतली, फळात अंडी घालून फळ सडवणारी माशी डोळ्यांसमोर येते. ती वेगळी. मी गेली एकवीस वर्षं जिच्यावर काम करते ती म्हणजे टोपलीतली केळी जास्त पिकली की त्यांच्याभोवती घोंगावणारं चिलट. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. लांबी अडीच-तीन मिलिमीटर, डोळे विटकरी लाल. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर एकत्र शिजवून काचेच्या नळीत ओतलं की तिची सोय झाली. २५ अंशांवर अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला १० दिवस लागतात आणि ती दोन-अडीच महिने जगते. उतारवयात वाढत जाणारा आजार माणसात पाहायला वीस-तीस वर्षं लागतात, तो इथे एका पावसाळ्यात पाहून होतो.

तिच्या पेशीत गुणसूत्रांच्या चारच जोड्या. तिचा जनुकसंच २००० साली वाचून झाला. प्रथिनं बनवणारी सुमारे १४,००० जनुकं त्यात आहेत, आणि माणसात आजाराशी जोडलेल्या जनुकांपैकी साधारण तीन-चतुर्थांश जनुकांचं भावंड माशीत सापडतं. मेंदूत जवळपास १ लाख ४० हजार चेतापेशी आहेत. त्यांतल्या काही थोड्या डोपामिन तयार करतात. हे डोपामिन म्हणजे बाबांच्या मेंदूत कमी पडतंय तेच रसायन, त्यात काडीचाही फरक नाही.

तरीही ‘माशीला कंपवात होतो’ असं मी कधी म्हणत नाही, आणि विद्यार्थ्यांनाही म्हणू देत नाही. माशीचे पाय विसावलेले असताना थरथरत नाहीत, तिचा चेहरा निर्विकार होत नाही, तिचं अक्षर बारीक होत नाही. आम्ही विचारतो तो प्रश्न यापेक्षा पुष्कळ लहान आहे: ज्या जनुकाच्या बिघाडामुळे माणसाला हा आजार जडतो, तेच जनुक माशीत बिघडलं तर नेमकं काय मोडतं? आणि त्यानंतरचा, माझ्या मते जास्त मोलाचा प्रश्न: अशी दोन जनुकं असतील तर त्यांच्यात आधी कोण आणि नंतर कोण?

सुरुवात मात्र वेगळ्या जनुकापासून झाली. १९९७ मध्ये इटलीतल्या कॉन्तुर्सी गावाशी नातं असलेल्या एका मोठ्या कुटुंबात आणि काही ग्रीक कुटुंबांत अल्फा-सिन्युक्लिन या जनुकातला दोष सापडला. कंपवाताचं पहिलं सापडलेलं जनुक ते. माशीत हे जनुक मुळातच नाही. म्हणून हार्वर्डमध्ये मेल फीनी आणि वेल्कम बेंडर यांनी माणसाचंच जनुक माशीच्या चेतापेशींत चालू केलं आणि २००० साली निष्कर्ष छापले. वय वाढेल तशा डोपामिनच्या पेशी कमी झाल्या, पेशींत प्रथिनाच्या गुठळ्या दिसल्या, माश्यांना वर चढता येईना. दोनच वर्षांनी नॅन्सी बोनिनी यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की प्रथिनांची घडी नीट बसवणारं एक सहायक प्रथिन वाढवलं तर याच पेशी वाचतात. त्या काळात मी नुकती या विषयात शिरत होते. एवढ्याशा जिवात मेंदूची झीज होताना दिसते आणि ती थोपवताही येते, हे वाचून मला झोप लागली नव्हती.

पण हे चित्र तुमच्या बाबांच्या आजाराचं नाही. अल्फा-सिन्युक्लिनच्या गुठळ्या बहुतेक कंपवाताच्या रुग्णांत मिळतात. पार्किनचे दोष असलेल्या अनेक रुग्णांच्या मेंदूत मात्र मृत्यूनंतरच्या तपासणीत त्या मिळालेल्या नाहीत. कंपवात हे एकच नाव असलं तरी त्याच्याकडे नेणाऱ्या वाटा अनेक आहेत. एकाच जनुकाच्या दोषामुळे होणारे रुग्ण एकूणात साधारण ५ ते १० टक्के. तुमचं घर त्यांतलं.

पार्किन हे जनुक १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं. तरुणपणीच कंपवात सुरू झालेली, बऱ्याचदा नात्यात लग्न झालेली कुटुंबं त्यांनी तपासली होती. बाबांच्या पायाची बोटं आखडणं, वयाच्या चाळिशीआधी सुरुवात, आजाराची संथ चाल, लेव्होडोपाच्या, म्हणजे डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या औषधाच्या, थोड्या मात्रेलाही चांगला प्रतिसाद, हे सगळं त्या वर्णनाशी जुळतं. दोन वर्षांत एवढंही कळलं की पार्किन दुसऱ्या प्रथिनांवर युबिक्विटिन नावाची चिठ्ठी चिकटवतं. कोणत्या प्रथिनांवर आणि कशासाठी, हे कोडंच होतं. तेव्हा बहुतेकांना वाटत होतं की खराब प्रथिनांची विल्हेवाट लावणं हेच त्याचं काम असावं.

इथे माशी कामी आली. माशीचं स्वतःचं पार्किन जनुक आहे. सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लिओ पॅलँक यांच्या गटाने ते काढून टाकलं आणि २००३ मध्ये जे प्रसिद्ध केलं, ते अनेकांना अनपेक्षित होतं. सगळ्यात मोठी पडझड मेंदूत दिसलीच नाही. ती दिसली उडण्याच्या स्नायूंत आणि नराच्या शुक्रपेशींत. दोन्हीकडे पहिला बिघाड तंतुकणिकांचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचा. स्नायूंतल्या तंतुकणिका फुगलेल्या, आतल्या घड्या विस्कटलेल्या. नर वांझ. आयुष्य कमी, उडणं जवळजवळ बंद. अशी माशी मी स्वतः पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली घेतली, तो दिवस मला आठवतो. पंख नेहमीसारखे पाठीवर मिटलेले नव्हते, खाली लोंबत होते. ब्रशने ढकललं की ती दोन पावलं टाकायची आणि थांबायची. बाजूच्या नळीतल्या धडधाकट माश्या तोवर झाकणाच्या कापसाला जाऊन भिडलेल्या.

‘हा स्नायूंचा आजार झाला, कंपवाताशी याचा काय संबंध?’ असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो गैर नव्हता. डोपामिनच्या पेशींचं नुकसान या माश्यांत आहे, पण थोडं आहे, तेही मेंदूतल्या एका छोट्या पुंजक्यात. मात्र उडण्याचे स्नायू आणि डोपामिनच्या चेतापेशी यांच्यात एक साम्य आहे: दोघांनाही ऊर्जा प्रचंड लागते. ज्याचा खर्च मोठा, त्याच्याकडे बिघाड आधी उघडा पडतो. प्रयोगाच्या दृष्टीने तर स्नायू हे वरदानच ठरले, कारण माशीच्या छातीत ते ठसठशीत दिसतात.

मग २००४ मध्ये कंपवाताचं आणखी एक जनुक सापडलं, पिंक-१. याचेही रुग्ण तरुण वयातले, दोन्ही प्रती बिघडलेले, लक्षणं पार्किनच्या रुग्णांसारखीच. माणसांकडे पाहून एवढंच म्हणता येत होतं की दोन्ही आजार सारखे दिसतात. २००६ च्या जूनमध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले, एक लॉस एंजेलिसहून मिंग ग्वो यांच्या गटाचा आणि दुसरा कोरियातून जाँगक्योंग चुंग यांच्या गटाचा. पिंक-१ नसलेली माशी हुबेहूब पार्किन नसलेल्या माशीसारखी होती. तेच स्नायू, तेच वांझ नर, त्याच फुगलेल्या तंतुकणिका. दोन्ही जनुकं एकदम काढली तरी स्नायूंचा बिघाड वाढला नाही. याचा अर्थ दोघांची कामं वेगवेगळी नसून ती एकाच कामाच्या दोन पायऱ्या आहेत. माणसाचं पिंक-१ जनुक माशीच्या वृषणात चालू केल्यावर त्यातले काही नर पुन्हा प्रजननक्षमही झाले.

आणि आता सगळ्यात सुंदर भाग. पिंक-१ नसलेल्या माशीत पार्किन जास्त प्रमाणात बनवलं, तर माशी सुधारली. उलट, पार्किन नसलेल्या माशीत पिंक-१ कितीही वाढवलं तरी काही उपयोग झाला नाही.

हे समजायला आपल्या घंटागाडीचा विचार करा. एक जण गल्लीत घंटा वाजवतो, दुसरे कचरा उचलतात. घंटा बिघडली, पण उचलणारे दुप्पट असतील आणि ते दारोदार फिरत असतील, तर कचरा उचलला जाईल. उचलणारेच आले नाहीत, तर घंटा कितीही जोरात वाजवली तरी पिशव्या दारातच राहतील. पिंक-१ ही घंटा, पार्किन हा उचलणारा. एका जनुकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते का आणि उलट दिशेने निघते का, एवढ्या दोन प्रश्नांतून क्रम हाती येतो. रुग्णांत असा प्रयोग करता येत नाही. उंदरांत करता येतो, पण पार्किन नसलेल्या उंदरांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी जवळजवळ शाबूत राहतात, त्यामुळे काय सुधारलं हे बघायला हातात काही नसतं. माशीने दोन क्रॉस (ठरवून लावलेले नर-मादीचे संकर) आणि काही आठवड्यांत ते सांगितलं.

पुढचं काम पेशींच्या संवर्धनात, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत, झालं. रिचर्ड यूल यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने २००८ मध्ये दाखवलं की निकामी झालेल्या तंतुकणिकांवर पार्किन जाऊन बसतं आणि मग पेशी त्या गिळून टाकते. पुढच्या काही वर्षांत बारकावे उलगडले. धडधाकट तंतुकणिका पिंक-१ ला आत ओढते आणि ते लगेच तोडलं जातं. तिचा विद्युतभार गेला की पिंक-१ आत जाऊ शकत नाही, बाहेरच्या आवरणावर साचत राहतं, युबिक्विटिनच्या चिठ्ठीला फॉस्फेट जोडतं, आणि त्या खुणेवरून पार्किन तिथे येऊन कामाला लागतं. घंटा आणि उचलणारा असा माशीत निघालेला क्रम रेणूंच्या पातळीवर तंतोतंत तसाच निघाला.

इतकं नीटनेटकं चित्र झालं की सावध व्हावं, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. केंब्रिजच्या अलेक्झांडर व्हिटवर्थ यांच्या गटाने २०१८ मध्ये जिवंत माशीच्या ऊतींत तंतुकणिकांची रोजची सफाई थेट मोजली, तेव्हा पिंक-१ किंवा पार्किन नसतानाही ती जवळपास नेहमीसारखीच चालू होती. संवर्धनातल्या पेशींना विष देऊन सगळ्या तंतुकणिका एकदम निकामी केल्यावर जे दिसतं, ते शरीरात रोज घडत असेलच असं नाही. माझं स्वतःचं मत असं की ही जोडी रोजच्या झाडलोटीची नसून मोठ्या पडझडीच्या वेळची आहे, आणि चेतापेशीच्या लांबलचक शेपटात, जिथे सफाई पोचणं कठीण, तिथे तिची गरज जास्त भासत असावी. पण हे मत आहे, आणि ते बदलायची माझी तयारी आहे.

आमचं रोजचं काम दिसायला फार साधं असतं. २० माश्या नळीत घ्यायच्या, नळी टेबलावर ठोकायची म्हणजे सगळ्या तळाशी पडतात. धडधाकट माशीची उपजत ओढ वर जाण्याची. १० सेकंदांत ८ सेंटीमीटरच्या रेघेपलीकडे किती गेल्या ते मोजायचं. हाच चढण्याचा प्रयोग. एवढ्या साध्या प्रयोगात फसायला मात्र पुष्कळ जागा आहेत. एकदा आमच्या एका विद्यार्थिनीला पार्किनशी काही संबंध नसलेल्या एका जनुकाचा मोठा परिणाम दिसला. सात आठवडे आम्ही आनंदात होतो. मग लक्षात आलं की तिच्या तुलनेच्या माश्या लाल डोळ्यांच्या होत्या आणि प्रयोगाच्या माश्या पांढऱ्या डोळ्यांच्या. डोळ्यांच्या रंगाचं ते जनुक चढण्यावरही परिणाम करतं. शिवाय माश्या वेगळ्या करताना दिलेल्या कार्बन डायऑक्साइडची गुंगी पूर्ण उतरायला एक दिवस द्यावा लागतो, तोही दिला नव्हता. दोन्ही बाजूंना एकाच वंशाच्या माश्या घेऊन सगळं पुन्हा केलं आणि परिणाम विरून गेला. ती मुलगी दोन दिवस बोलली नाही. आज तिच्याइतकी काटेकोर तुलना करणारं माझ्या ओळखीत कोणी नाही. हे तुम्हाला एवढ्यासाठी सांगते, की ‘माशीत अमुक औषधाने कंपवात बरा झाला’ अशी बातमी आली की त्यामागे असं किती चाळून घ्यायचं असतं ते तुम्हाला ठाऊक असावं.

आता बाबांकडे वळते.

२००४ मध्ये फ्रान्समध्ये एक प्रयोग झाला. रोटेनोन हे कीटकनाशक माश्यांना सतत थोडं थोडं दिलं. चढणं मंदावलं, डोपामिनच्या पेशी कमी झाल्या. मग खाण्यात लेव्होडोपा मिसळली. माश्या पुन्हा चढू लागल्या, पण पेशींचं मरणं थांबलं नाही. बाबांच्या गोळीचंही असंच आहे. गोळी लागू पडल्यावर ते शर्टाची बटणं स्वतः लावतात, हा फायदा खरा आहे आणि तो सोडू नका. झीज थांबवणारं औषध मात्र आज कोणाकडेच नाही.

ते शोधण्याची जी धडपड चालू आहे, तिच्यात माशीचा वाटा आहे. पार्किन चिठ्ठी चिकटवतं, तर यूएसपी-३० नावाचं विकर (एन्झाइम) ती काढून टाकतं. २०१४ मध्ये दिसलं की हे विकर कमी केलं तर पार्किन किंवा पिंक-१ नसलेल्या माश्यांच्या तंतुकणिका सुधारतात. चिठ्ठ्या लावणारा गेलेला असताना चिठ्ठ्या काढणाऱ्याला रोखायचं, हा विचार मला पटतो. त्या विकराला रोखणारी रसायनं आता मानवी चाचण्यांच्या सुरुवातीच्या पायऱ्यांवर आहेत. चाचणीची सुरुवात म्हणजे औषध नव्हे. बाबांना आशा देताना हा फरक त्यांना स्पष्ट सांगा, ते समजून घेतील.

दोन गोष्टी तुमच्यापर्यंत कोणी ना कोणी आणेलच, म्हणून आधीच बोलते. एक, के-२ जीवनसत्त्व. बेल्जियममधल्या पॅट्रिक व्हर्स्ट्रेकेन यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की ते दिल्यावर पिंक-१ नसलेल्या माश्या जास्त चांगल्या उडू लागल्या. प्रयोग उत्तम आहे. पण तो पिंक-१ च्या माश्यांवरचा आहे आणि के जीवनसत्त्व रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्यांच्या कामात आडवं येतं. दुकानातून आणून सुरू करू नका. दुसरी, खाजकुहिली, म्हणजे कवचबीज. तिच्या बियांत खरंच लेव्होडोपा असते. ती वेगळी काढण्याचं काम भारतात १९३७ सालीच झालं. तिचा अर्क पिंक-१ च्या माश्यांनाही देऊन पाहिला गेला आहे. पण प्रत्येक पुडीत लेव्होडोपा किती हे सारखं नसतं, आणि पार्किनच्या रुग्णांत थोड्या जादा मात्रेनेही अंगाचे अनैच्छिक हेलकावे लवकर सुरू होतात. बाबा आधीच गोळी घेतात, त्यात हे चूर्ण मिसळलं तर मात्रा कोणाच्याच हातात राहणार नाही. घ्यायचंच असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना सांगून.

आता तुमचं.

पार्किन नसलेले नर वांझ असतात, मग आम्ही ते माश्यांचे वाण वर्षानुवर्षं टिकवतो कसे? एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली अशा माश्यांच्या रूपात. माझ्या मांडणीवर या नळ्या एकवीस वर्षं आहेत. त्या माश्या चढतात, उडतात, पिल्लं देतात, कारण एका चांगल्या प्रतीवर पेशी भागवून नेते. बिघडलेली प्रत मात्र पिढ्यान्‌पिढ्या गुपचूप पुढे जात राहते. दोन्ही प्रती बिघडलेली माशी हवी असेल तेव्हा आम्ही अशा दोन वाहकांचा क्रॉस लावतो.

तुमच्या बाबांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत, म्हणजे तुम्हाला त्यांच्याकडून एक बिघडलेली प्रत नक्की आलेली आहे. आई बाबांच्या नात्यातली नसेल तर तिच्याकडून चांगली प्रत आलेली असण्याचीच शक्यता फार मोठी. म्हणजे तुम्ही वाहक आहात, आणि बाबांसारखा आजार तुम्हाला होईल ही भीती उराशी धरून बसण्याचं कारण नाही. आत्याला हाच दोष असेल, तर तिचा मुलगाही त्याच हिशेबाने वाहक. मामाची मुलगी करण्याची आपल्याकडची जुनी रीत इथे नेमका दोन वाहकांचा क्रॉस लावते. तुम्हा दोघांच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक.

लग्न करा किंवा करू नका, हे सांगणं माझं काम नाही. पण हा आकडा तुम्हाला माहीत आहे आणि त्या मुलाला नाही, अशा स्थितीत बोलणी पुढे जाऊ नयेत असं मला ठामपणे वाटतं. आधी आत्याची तपासणी करून घ्या, मग तयारी असेल तर त्याची, आणि दोघं मिळून जनुकीय समुपदेशकाकडे जा. नात्याबाहेर लग्न झालं तर जोडीदाराकडे नेमक्या याच जनुकाचा दोष असण्याचा संभव कमी असतो.

तपासणी सांगताना एक काळजी घ्या. बाबांच्या अहवालात जनुकाचं नाव पीआरकेएन किंवा जुन्या पद्धतीने पार्क-२ असं असेल, आणि कोणत्या क्रमांकाचा तुकडा गळाला आहे तेही लिहिलेलं असेल. एका प्रतीतला गळालेला तुकडा जनुकाची अक्षरं वाचणाऱ्या नेहमीच्या चाचणीतून निसटू शकतो, कारण दुसरी चांगली प्रत त्याची जागा झाकते. वाहकाचा अहवाल मग निर्दोष येतो. त्यासाठी तुकड्यांची संख्या मोजणारी चाचणी लागते, तिचं नाव एमएलपीए. आत्याच्या आणि तिच्या मुलाच्या तपासणीसाठी डॉक्टर देतील त्या कागदावर ते नाव आणि बाबांच्या तुकड्याचा क्रमांक लिहून घ्या, आणि रक्त द्यायला जाताना बाबांच्या अहवालाची प्रत सोबत न्या.